हाताचा गुण आणि उत्तरेची गॅलरी

“काका, सप्रेम नमस्कार. डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहते. गॅलरी उत्तरेची, तिला बॉक्स ग्रिल. स्वयंपाकघर पूर्वेला. कुंड्या तीनच. कढीपत्ता दोन वर्षांत नुसती काठी होऊन वर गेलाय, टोकाला चार डहाळ्या. मोगरा हिरवागार, पण कळी म्हणून नाही. तुळस मान टाकते म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी घालते, तर आणखीच मान टाकते. चहाचा चोथा, केळीच्या सालांचं पाणी, ताक, शेजारच्या वहिनींनी गावाहून आणलेलं डीएपी खत, सगळं घालून झालं. ऑनलाइन ‘फुलांचं टॉनिक’ मिळतं, ते मागवू का? सासूबाई म्हणतात तुझ्या हाताला गुण नाही. बेडरूमच्या खिडकीत कुंडी ठेवू देत नाहीत, रात्री झाडं विषारी वायू सोडतात म्हणून. खरंच माझ्या हाताला गुण नाही का?”
– कुंडीवाली, डोंबिवली

ताई, नमस्कार.

पत्रासोबतचे फोटो मोठे करकरून पाहिले. तुळशीच्या कुंडीखालची ताटली काठोकाठ भरलेली. मोगऱ्याच्या कुंडीच्या कडेला पांढरी पुटं. कढीपत्ता तारेनं ग्रिलला आवळून बांधलेला. तुमच्या हाताला गुण नाही असं मी म्हणणार नाही. हात जरा जास्त चालतो, एवढंच. माझाही चालायचा. नोकरी लागल्यावर घेतलेली पहिली जास्वंद मी ताटलीत पाणी साठवून साठवून मारली आणि दोष दिला नर्सरीवाल्याला.

तुमच्या यादीतल्या चोथ्यापासून डीएपीपर्यंत सगळ्यामागे एकच समजूत आहे: झाडाला जेवण आपण घालतो आणि ते कुंडीतून घालतो. समजूत जुनी आहे. ती तपासायला व्हॅन हेल्मोंट नावाच्या गृहस्थानं सतराव्या शतकात एका कुंडीत २०० पौंड कोरडी माती तोलून भरली, तीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड १६९ पौंडांवर गेलं. माती पुन्हा वाळवून तोलली, तर घटली होती जेमतेम दोन औंस, म्हणजे साठेक ग्रॅम. गृहस्थानं निष्कर्ष काढला, झाड पाण्याचं बनतं. हे लिखाण छापून आलं १६४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर. गंमत अशी की ‘गॅस’ हा शब्द जगाला देणारा माणूस हाच. कोळसा जाळून निघणारा वायू त्यानं वेगळा ओळखला होता. पण आपलं विलोचं झाड नेमकं त्याच वायूवर वाढलं, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

तो वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. हवेत तो असतो जेमतेम ०.०४ टक्के. पानाच्या खालच्या बाजूला असलेल्या बारीक रंध्रांतून तो आत जातो, मुळांकडून पाणी येतं आणि पानातलं हरितद्रव्य उन्हाच्या जोरावर दोघांची साखर करतं. पाणी फोडून उरलेला ऑक्सिजन बाहेर जातो. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो, आणि तो सगळा हवेतून आलेला. म्हणजे चूल पानात, सरपण उन्हाचं. मग खत काय? खत म्हणजे मीठ. मिठाशिवाय आमटी होत नाही हे खरं, पण पोट कुणाचं मिठानं भरत नाही. आमटी अळणी लागली म्हणून कुणी डाळीऐवजी मीठच शिजत घालतं का?

आणि मीठ जास्त झालं की काय होतं ते तुम्हाला कोशिंबिरीत रोज दिसतं. काकडी चोचवून मीठ लावून ठेवली की दहा मिनिटांत वाडग्याच्या तळाशी पाणी सुटतं. डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असतं. ते एकराच्या हिशेबानं टाकायचं खत आहे. आठ इंची कुंडीत चमचाभर पडलं की मुळांभोवतीचं पाणी इतकं खारट होतं की मुळांना ते ओढून घेणं जड जातं. उलट मुळांतलंच पाणी बाहेर यायला लागतं. कडेची पांढरी पुटं म्हणजे तेच क्षार. शिवाय नत्र वाढलं की मोगरा पानंच पानं काढतो. चहाच्या चोथ्यानं एवढं वाईट होत नाही, पण ओल्या मातीवर त्याचा थर साचला की चिलटं होतात. ताकाचं तर नावच काढू नका, पिऊन टाका.

आता चुलीकडे येऊ. तुमचं खरं दुखणं तिथे आहे.

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते आणि आपल्याला वाटतं, गॅलरीत छान उजेड आहे. लक्स हे उजेडाचं माप. भर उन्हात उजेड लाखभर लक्स असतो. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत तीनशे ते पाचशे. तुमच्या गॅलरीचा आकडा यांच्या अधेमधे कुठेतरी असेल. साधी परीक्षा करा: दुपारी बारा वाजता कुंडीजवळ पांढरा कागद ठेवा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावलीची कड रेखीव दिसली तर ऊन. सावली पडली पण फिसकटलेली, तर मनी प्लांट जगेल, मोगरा फुलणार नाही. सावलीच ओळखू येत नसेल तर तिथे कपडे वाळत घाला.

उत्तरेच्या गॅलरीचं आणखी एक गणित आहे. डोंबिवलीत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो तो फक्त मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत, म्हणजे सूर्य दुपारी नेमका डोक्यावर येतो त्या दोन ‘शून्य सावली’ दिवसांच्या मधल्या काळात. त्यातले जून आणि जुलै ढगांत जातात. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपी तिरीप येते तेवढीच. थंडीत तीही नाही. मोगऱ्याला रोज पाच-सहा तास खणखणीत ऊन हवं. जिथे सरपणच नाही तिथे मसाला घालून काय शिजणार?

अंधारात झाड काय करतं ते तुम्ही दर नवरात्रात बघता. घटाखालच्या मातीत पेरलेले गहू देवघराच्या कोपऱ्यात नऊ दिवसांत वीतभर उंच होतात. पिवळसर, लुसलुशीत, उभे राहायला कमी. दसऱ्याला ते टोपीत खोवतो तेव्हा ‘घट छान उगवला’ म्हणतो. शेतातला गहू नऊ दिवसांत एवढा उंच होत नाही. घटातलं रोप दाण्यातली शिदोरी मोडून उजेड शोधत नुसतं लांबत असतं. पानं, जाडी, हिरवेपणा हे सगळं उजेड सापडल्यावर बघू, असा त्याचा हिशेब. तुमचा कढीपत्ता म्हणजे दोन वर्षांचा घट आहे. दोन पानांमधलं अंतर बोटानं मोजा. गच्चीवरच्या कढीपत्त्यात ते बोटभरही भरत नाही.

घटातले अंकुर खिडकीकडे किंवा समईकडे झुकलेले असतात, ते पाहिलंय ना? चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या असल्याच अंकुरांवर प्रयोग केले. टोकावर काळी टोपी चढवली तर अंकुर वळेना. टोपी काढून अंकुराचा खालचा भाग झाकला तर मात्र वळायचा. म्हणजे उजेड ‘दिसतो’ टोकाला आणि वाकतं खालचं खोड. टोकाकडून खाली काहीतरी निरोप जातो, असं त्यांनी १८८० साली लिहिलं. तो निरोप म्हणजे ऑक्सिन नावाचं संप्रेरक. सावलीच्या बाजूला ते जास्त उतरतं, त्या बाजूच्या पेशी जास्त लांबतात आणि रोप उजेडाकडे कलतं. हे ऑक्सिन लक्षात ठेवा, कढीपत्त्याला कात्री लावताना ते पुन्हा लागेल.

त्याआधी तुळस, कारण ती अत्यवस्थ आहे.

तुमच्या इमारतीत पाणी चौथ्या मजल्यावर येतं ते पंप खालून ढकलतो म्हणून. वरून ओढून घ्यायचं म्हटलं, तर कितीही दणकट पंप लावा, दहा मीटरच्या वर पाणी चढत नाही. आणि वीस मीटरच्या माडाच्या शेंड्यावरच्या शहाळ्यात पाणी असतं. त्याला पंप कुठला? पानांतून पाणी वाफ होऊन उडतं, पानातल्या बारीक भिंतींत ताण येतो आणि तो ताण खोडातल्या केसाहून बारीक नळ्यांतून थेट मुळापर्यंत पोचतो. पाण्याचे कण एकमेकांना असे घट्ट धरून असतात की वरचा ओढला की खालची सगळी माळ वर सरकते. डब्लिनच्या डिक्सन आणि जॉली यांनी हे १८९४ साली मांडलं. आपले जगदीशचंद्र बोस यांना हे पटलं नव्हतं. खोडातल्या जिवंत पेशी धडधडून पाणी वर चढवतात, असं त्यांचं मत. माझा त्यांच्यावर फार जीव आहे, पण या एका बाबतीत पुढचं संशोधन त्यांच्या बाजूनं गेलं नाही. पाणी नेणाऱ्या नळ्या म्हणजे मेलेल्या पेशींच्या पोकळ भिंती असतात. बॉनच्या श्ट्रासबुर्गरनं तर आधीच कापलेली झाडं विषाच्या द्रावणात उभी करून पाहिली होती. वाटेतल्या पेशी मेल्या तरी द्रावण वर चढतच राहिलं, पानं मरेपर्यंत.

घरी बघायचं असेल तर फुलवाल्याकडून निशिगंधाच्या दोन दांड्या आणा. खालून तिरपा छेद द्या आणि लाल खाद्यरंगाच्या पाण्यात वेगवेगळ्या ग्लासांत ठेवा. एकीवर प्लॅस्टिकची पिशवी चढवा, दुसरी पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. पंख्याखालची आधी गुलाबी होईल. ग्लास सारखेच, रंग तोच. फरक पडला तो वरच्या ओढीनं.

मुळांकडून थोडं ढकलणंही होतं, नाही असं नाही. पहाटे अळूच्या पानाच्या टोकाला थेंब लटकतो ना, तो दवाचा नसतो. रात्री वाफ होणं थांबतं, मुळं पाणी रेटत राहतात आणि ते टोकातून बाहेर येतं. पण हा रेटा अळूला पुरतो, माडाला नाही.

म्हणजे तुळस मान टाकते तेव्हा दोनच शक्यता: वरून ओढ फार आहे, नाहीतर खालून येणं बंद पडलंय. दुपारी मान टाकली आणि सकाळी सातला टवटवीत असली, तर काळजी नको. दुपारच्या झळीत पाणी उडतं जास्त, येतं कमी. मग रंध्रं मिटतात. मिटली की पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, म्हणजे चूलही मंदावते. झाडाला पाणी आणि जेवण यांत दिवसभर ही तडजोड करावी लागते. एक ग्रॅम वाळला ऐवज तयार व्हायला बहुतेक झाडांचं चार-पाचशे ग्रॅम पाणी उडून जातं.

सकाळी सातलाही मान खाली आणि माती ओली, हे मात्र वाईट लक्षण. तुमच्या फोटोत तेच आहे. मुळांना श्वास लागतो. मातीच्या फटींत हवेऐवजी पाणीच पाणी झालं की मुळं गुदमरतात आणि पाणी आत घ्यायच्या त्यांच्या वाटा मिटतात. पाण्यात उभं राहून झाड तहानेनं मान टाकतं. आपल्याला दिसते ती तहान, आणि आपण आणखी एक तांब्या ओततो.

तेव्हा आज हे करा. कुंडी आडवी करून तुळस मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढा. वास घ्या. गटारासारखा आला तर मुळं कुजलीत. चांगलं मूळ पांढरट असतं, कट्‌कन मोडतं. कुजलेलं तपकिरी, आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते, आत नुसता दोरा राहतो. असली मुळं कात्रीनं काढा. नर्सरीत रोपाभोवती लाल मातीचा घट्ट गोळा थापलेला असतो, तो तुम्ही तसाच कुंडीत ठेवलेला दिसतो. त्यातून ना हवा जाते ना पाणी. हलक्या हातानं तो फोडा. निम्मी माती, बाकीच्यात कोकोपीट, शेणखत आणि जाडी वाळू, असं भरा. तळाचं भोक मोकळं आहे ना ते बघा. ताटली फेकून द्या, किंवा दाणे घालून चिमण्यांना ठेवा. मुळं कमी झाली, तर पानंही कमी करायला हवीत, म्हणून मंजिऱ्या आणि वरचा तिसरा हिस्सा खुडा. चार दिवस सावलीत ठेवा. पुढे पाणी घालायचं ते वेळ बघून नव्हे, बोट बघून: दोन पेरं मातीत खुपसायचं, ओल लागली तर तांब्या खाली ठेवायचा. सकाळी तुळशीला पाणी घालायचा नेम मोडवत नसेल तर पळीभर घाला. नेम नेमाच्या जागी राहील.

एवढं करूनही ती गेली, तर मंजिऱ्यांचं बी ठेवलेलं असू द्या.

मोगऱ्याचा उपाय सोपा आहे, फक्त गॅलरीत बसून होणारा नाही. तुमचं स्वयंपाकघर पूर्वेला आहे असं लिहिलंय. तिथल्या ग्रिलमध्ये सात ते अकरा ऊन येत असेल तर तिथे, नाहीतर सेक्रेटरींना विचारून गच्चीवर. एकदम उन्हात नेऊ नका. सावलीत वाढलेली पानं पातळ असतात, दोन दिवसांत करपतात. आठ-दहा दिवसांत तासातासानं ऊन वाढवा. आता माघ संपत आलाय, म्हणजे छाटणीची वेळ टळलेली नाही. मोगऱ्याला कळ्या नव्या फुटव्यांच्या टोकाला येतात. जुन्या फांद्या एक तृतीयांश कापा, पानं झाडा, माती बदला, नाहीतर कुंडीतून दोन-तीनदा भरपूर पाणी वाहू देऊन क्षार धुऊन काढा. नवी पालवी फुटेपर्यंत खत नाही. नंतर महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत.

आता कढीपत्ता. आधी ती तार सोडा. पाणी वर जातं लाकडातून, पण पानांत झालेली साखर खाली येते सालीतून. साल आवळली की मुळं उपाशी. याच गोष्टीचा उपयोग करून आपल्याकडे डाळिंबाची, पेरूची गुटी बांधतात: फांदीची बोटभर साल गोल काढायची, ओलं शेवाळ गुंडाळून प्लॅस्टिकनं बांधायचं. पाणी वर जात राहतं, साखर आणि ऑक्सिन मात्र कापाच्या वरच्या काठाशी अडतात, आणि तिथून मुळं फुटतात. तुमची तार तेच काम करतेय, फक्त शेवाळाशिवाय. शिवाय वाऱ्यानं हलणारं खोड जाड होतं, बांधून ठेवलेलं काटकुळंच राहतं. आधार द्यायचाच तर सुती चिंधी, सैल.

मग कात्री. शेंड्यातून खाली उतरणारं ऑक्सिन पानांच्या बगलेतल्या डोळ्यांना, म्हणजे मिटलेल्या अंकुरांना, दाबून ठेवतं. शेंडा उडवला की ते डोळे फुटतात. विदर्भ-मराठवाड्यात तुरीचे शेंडे खुडतात ते याचसाठी. पण इथे घाई नको. नुसता दाब उठून भागत नाही, डोळा फुटायला साखरही लागते, आणि तुमच्या झाडाची तिजोरी रिकामी आहे. आधी पंधरा-वीस दिवस पूर्वेचं ऊन खाऊ द्या. होळी झाली की गुडघाभर उंचीवर, पानाच्या डोळ्याच्या अर्धा बोट वर, एका झटक्यात कापा. मन घट्ट करावं लागेल. काठीच उरेल आणि सासूबाई बोलतील. तीनेक आठवड्यांत दोन-तीन फुटवे दिसतील. ते वीतभर झाले की त्यांचेही शेंडे खुडा.

टॉनिक मागवू नका. बाटलीवर काय लिहिलंय ते तुम्ही कळवलं नाही, पण अशा बऱ्याच बाटल्यांत जिबरेलिक ॲसिड असतं. भाताची रोपं वेड्यासारखी उंच होऊन कोलमडायची, त्या रोगाच्या बुरशीत जपानी संशोधकांना ते सापडलं. नाशिकचे द्राक्षबागायतदार ‘जीए’ म्हणून तेच वापरतात, घड मोकळा करायला आणि मणी फुगवायला, तेही दिवस आणि मात्रा मोजून. उंच होऊन कोलमडायला आलेल्या तुमच्या कढीपत्त्याला ते देणं म्हणजे आगीत तेल. कोकणात हापूसला मोहोर यावा म्हणून देतात ते कल्टार बरोब्बर उलट काम करतं, झाडाचं स्वतःचं जिबरेलिन अडवतं. म्हणजे द्राक्षाचे मणी फुगावेत म्हणून जे वाढवायचं, तेच हापूसला मोहोर यावा म्हणून अडवायचं. असल्या गोष्टी कुंडीत अंदाजानं ओतायच्या नसतात.

सासूबाईंचं बेडरूमबद्दलचं म्हणणं थोडं खरं आहे. रात्री चूल बंद असते आणि श्वास चालू असतो, त्यामुळे झाडं कार्बन डायऑक्साइड सोडतात. पण दोन कुंड्या रात्रभरात जेवढा सोडतील त्याच्या कितीतरी पट शेजारी घोरणारा माणूस सोडतो. त्याला आपण गॅलरीत झोपवत नाही. उलट बाजूनं, तुळस रात्रीही ऑक्सिजन देते म्हणून जे फॉरवर्ड येतं तेही खोटं. पानफुटी, निवडुंग असली झाडं रात्री रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात, पण ऑक्सिजन तीही दिवसाच सोडतात. हिंदुस्थानात राहणाऱ्या बेंजामिन हाइन यांनी पानफुटीचं पान चाखून १८१५ साली लिहून ठेवलंय की ते सकाळी आंबट लागतं आणि दुपारी बेचव. तुम्ही चाखू नका, त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवा.

बेडरूमची खिडकी पूर्वेची किंवा दक्षिणेची असेल तर मोगरा तिथेच ठेवायची परवानगी मागून बघा. एप्रिलमध्ये वास सुटला की बोलणं सोपं जाईल.

ता. क. कढीपत्त्याचा कापलेला शेंडा पाण्यात ठेवून मुळं फुटायची वाट बघू नका, बहुधा कुजतो. आमटीच्या फोडणीत टाका.